आकाशातील रुग्णवाहिका : घाई आणि सावधगिरी

घरातले माणूस अत्यवस्थ झाले की हल्ली कोणी ना कोणी विचारतेच, “विमानाने हलवता येईल का?” प्रश्न मायेपोटीचा असतो. पण त्याच्या जोडीने दुसराही प्रश्न विचारायला हवा : विमान रोग्याला सुखरूप नेईल कशाच्या बळावर?

साताऱ्याकडून कऱ्हाडला जाताना महामार्गावर लागणाऱ्या उंब्रजचे उदाहरण घ्या. रात्री येथे कोणाच्या छातीत कळ आली, तर 108 क्रमांकाची गाडी बोलवावी हेच शहाणपणाचे. कऱ्हाडची रुग्णालये अर्ध्या तासाच्या टप्प्यात आहेत. कऱ्हाडजवळ विमानाची धावपट्टीही आहे खरी. परंतु दुरून विमान यायचे, रोग्याला धावपट्टीपर्यंत न्यायचे, आणि उतरल्यावर पुन्हा गाडीत घालायचे, एवढ्या खटाटोपात पहिल्या उपचाराची मोलाची वेळ निघून जाते. विमानाचा खरा उपयोग पुढे होतो. रोग्याची प्रकृती जरा सावरली आणि हवा तो उपचार दूरच्या शहरातच मिळणार असला म्हणजे.

आकाशाचा स्वभावही ध्यानात घ्यावा. विमान उंच चढते तसा आतील हवेचा दाब उतरतो, प्राणवायूचा पुरवठा विरळ होतो आणि शरीरात कोंडलेली हवा फुगते. आठ हजार फुटांवरच्याएवढा दाब आत असला, तर ती सुमारे एकतृतीयांशाने वाढते. फुफ्फुसाभोवती हवा साठलेल्या रोग्याला हे प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच ती हवा आधी नळीने काढून घेतात. निघण्यापूर्वीची ही तपासणी म्हणजे वेळकाढूपणा नव्हे.

आता विमानाचे पाहू. 25 मे 2011 रोजी पाटण्याहून रोगी घेऊन दिल्लीला निघालेले एक छोटे विमान वादळी हवेत फरीदाबादच्या वस्तीवर कोसळले. विमानातील सात आणि घरातली तीन माणसे दगावली. याउलट 6 मे 2021 रोजी नागपूरहून उडताना एका रुग्णविमानाचे चाकच निखळले. वैमानिकाने मुंबई गाठली, धावपट्टीवर फेस पसरण्यात आला, आणि विमान पोटावर उतरले. रोगी, नातेवाईक, डॉक्टर आणि दोन्ही वैमानिक, पाचही जण सुखरूप! चाक निखळले तरी माणसे वाचली, ती शांत डोक्याने आणि जमिनीवरच्या तयारीने.

अमेरिकेत रुग्णवाहू हेलिकॉप्टरांच्या अपघातांच्या दृष्टीने 2008 साल फार वाईट गेले. पुढे 2014 साली तेथे नियम कडक झाले : उड्डाणापूर्वी धोक्याचा हिशेब मांडावा, डोंगर जवळ आल्याची सूचना देणारे यंत्र बसवावे. तिकडे एक चांगली प्रथाही आहे. जायचे की नाही हे ठरण्यापूर्वी, रोगी लहान मूल आहे की म्हातारा, किती गंभीर आहे, हे वैमानिकाला सांगत नाहीत. त्याने फक्त हवा, यंत्र आणि वाट पाहावी. करुणेने हात पुढे झाला तरी डोळ्यांवर पडदा येऊ नये, हा त्यामागचा विचार. जायला सर्वांची संमती लागते. थांबायला एकाचा नकार पुरतो.

सह्याद्रीवर श्रावणाचे ढग उतरले म्हणजे या नकाराचे मोल कळते. अशा वेळी “पैसे कितीही घ्या, पण निघा” असे म्हणणारे नातेवाईक आपल्याच माणसाला संकटात लोटतात. त्याऐवजी काही गोष्टी विचाराव्यात. सोबत कोण डॉक्टर आहे? प्राणवायू किती वेळ पुरेल? उतरल्यावर गाडी तयार आहे का? रुग्णालयात खाट मिळाली आहे का? आणि हवा बिघडली तर रस्त्याने न्यायची व्यवस्था काय?

वैमानिक “आज नाही” म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये. तो उड्डाण नाकारत असतो, रोग्याला नव्हे.