विषावर जगणारे जिवाणू

हौदातल्या भरपूर पाण्याचा रंग, चव आणि वास बदललेला नसेल तर ते पाक, वुजूला चालेल, हे आपल्या घरांत मुलांनाही ठाऊक असतं. पण तहारतीची कसोटी वेगळी आणि पिण्याच्या पाण्याची वेगळी. ड्रायक्लीनिंगला वापरलं जाणारं परक्लोरोएथिलीन विहिरीत अल्प प्रमाणात उतरलं, तर या तिन्हींपैकी काहीच बदलत नाही. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला फक्त 5 मायक्रोग्रॅम आहे.

हे रसायन पाण्याहून जड. जमिनीवर सांडलं की भूजलातूनही खाली जातं, चिकणमातीच्या थरावर बसतं आणि वर्षानुवर्षं थोडंथोडं विरघळत राहतं. त्यामुळे पंपाने कितीही उपसा केला तरी ते संपता संपत नाही.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांना यावरचा इलाज सापडला तो इथाका शहराच्या सांडपाण्याच्या गाळात! डिहॅलोकोकॉइडिस नावाच्या त्या जिवाणूची माहिती त्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केली. आपण श्वासासाठी प्राणवायू वापरतो, हा जिवाणू त्या जागी हेच विष वापरतो. त्याच्या रेणूतले क्लोरीनचे चार अणू तो एकेक करून काढतो. शेवटी उरतो एथिलीन, पिकणाऱ्या केळ्यांतून निघतो तोच वायू. अल्लाहची कुदरत पाहा, गटाराच्या गाळात काय ठेवलंय!

मात्र प्राणवायू त्याला सोसत नाही. म्हणून जमिनीत वनस्पती तेल किंवा उसाची मळी सोडतात. इतर जिवाणू ती खाताना प्राणवायू संपवतात आणि हायड्रोजन तयार करतात. याला तोच हवा असतो.

खरा धोका अर्धवट कामात आहे. एकच क्लोरीन उरतो तेव्हा तयार होतं व्हिनाइल क्लोराइड, म्हणजे कर्करोगकारक आणि मूळ रसायनाहून घातक. टेक्सासच्या केली हवाई तळावर ही क्रिया दोन क्लोरीनवरच अडली होती. बाहेर वाढवलेले जिवाणू सोडल्यावर ती एथिलीनपर्यंत गेली आणि सुमारे 200 दिवसांत मूळ रसायन 5 मायक्रोग्रॅमच्या खाली आलं, असं 2002 मध्ये प्रसिद्ध झालं. ती जागा लहानशी, चाचणीपुरती होती, हेही ध्यानात घ्यावं.

घरी पाणी उकळून हे रसायन नाहीसं होत नाही, वाफेबरोबर स्वयंपाकघराच्या हवेत येतं. तेव्हा कारखान्याशेजारच्या विहिरीचं पाणी 'जिवाणूंनी साफ झालं' असं कुणी सांगितलं, तर तपासणीच्या अहवालात व्हिनाइल क्लोराइडचा आकडा आधी पाहावा. तो नसेल तर मागून घ्यावा.