सौर अ‍ॅल्युमिनिअम आणि मोलाचा हिशेब

देरा गोल्ड सूकमधून तुम्ही अठरा कॅरेटची साखळी घेतलीत. तिच्यात सोनं किती? ७५ टक्के. हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण अणू मोजायला बसलात तर? उरलेलं २५ टक्के नुसतं तांबं आहे असं धरलं, तर सोन्याचे अणू निम्म्याहून किंचित कमीच भरतात. सराफानं फसवलेलं नाही. सोन्याचा अणू तांब्याच्या अणूच्या तिपटीहून जड असतो. सराफ वजन करतो आणि आपण मोजतोय, एवढंच.

रसायनशास्त्रातही नेमकी हीच अडचण येते. अभिक्रिया होते ती अणूंच्या संख्येनुसार, आणि आपल्या हातात असतो तराजू. संख्या आणि वजन यांची सांगड घालणारं एकक म्हणजे मोल. डझन म्हणजे १२, तसा मोल म्हणजे ६०२२ लिहून पुढे साधारण २० शून्यं इतके कण. (आपल्या ‘अनमोल’मधल्या मोलाशी याचं नातं नाही, रेणूसाठी असलेल्या जर्मन शब्दाचं ते लघुरूप आहे.) सोय अशी, की अणुवस्तुमानाचा आकडा ग्रॅममध्ये घेतला की बरोबर एक मोल अणू मिळतात. सोन्याचे १९७ ग्रॅम, तांब्याचे ६३.५. आता १०० ग्रॅमची साखळी घ्या: ७५ भागिले १९७ म्हणजे ०.३८ मोल सोनं, २५ भागिले ६३.५ म्हणजे ०.३९ मोल तांबं. झालं.

अकरावीतली मुलं इथवर सहसा येतात. अडतात ती समीकरणापाशी, आणि तिथे चूक बहुतेकदा एकच असते. ती पाहायला सूकमधून जेबेल अलीला जाऊ. तिथे १९७९ पासून अ‍ॅल्युमिनिअम तयार होतं. अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमचं ऑक्साइड, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये सुमारे ९६० अंश सेल्सिअसला विरघळवतात आणि त्यातून वीज सोडतात. धनाग्र कार्बनचा असतो. ऑक्सिजन धातूला सोडून त्या कार्बनला चिकटतो आणि धनाग्र हळूहळू झिजत जातो. समीकरण असं:

२ अ‍ॅल्युमिना + ३ कार्बन → ४ अ‍ॅल्युमिनिअम + ३ कार्बन डायऑक्साइड

आता सांगा, धातू जास्त निघाला की वायू? चार आणि तीन पाहून ‘धातू’ म्हणालात तर तीच ती चूक. हे आकडे मोलांचे आहेत, किलोंचे नव्हेत. अ‍ॅल्युमिनिअमचा एक मोल २७ ग्रॅमचा, म्हणून चार मोल १०८ ग्रॅम. कार्बन डायऑक्साइडचा ४४ ग्रॅमचा, म्हणून तीन मोल १३२ ग्रॅम. धातूपेक्षा वायूच जड! पडताळा घ्यायचा तर डावी बाजू मांडा: अ‍ॅल्युमिना २०४, कार्बन ३६, एकूण २४०. उजवीकडेही १०८ अधिक १३२, म्हणजे २४०.

गुणोत्तर तेच राहतं, म्हणून ग्रॅमच्या जागी टन लिहिले तरी चालतं. एक टन अ‍ॅल्युमिनिअमला १.८९ टन अ‍ॅल्युमिना आणि ०.३३ टन कार्बन लागतो, आणि १.२२ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. प्रत्यक्षात कार्बन याहून जास्त जातो, कारण तापलेला धनाग्र हवेतही थोडा जळतो.

हा १.२२ लक्षात ठेवा. २०२१ मध्ये एमिरेट्स ग्लोबल अ‍ॅल्युमिनिअमनं दुबईच्या वाळवंटातल्या मोहम्मद बिन राशिद अल मक्तूम सोलर पार्कची वीज वापरून अ‍ॅल्युमिनिअम काढायला सुरुवात केली. हा धातू इतकी वीज पितो, की ती वायू जाळून न करता उन्हातून मिळवली तर उत्सर्जनात मोठीच कपात होते. त्याला ‘सौर’ म्हणणं योग्यच आहे. पण १.२२ टनांचा हिशेब विजेचा नाही, धनाग्राचा आहे. ऊन कितीही मिळालं तरी तो आकडा हलत नाही; कार्बनऐवजी न झिजणारा धनाग्र वापरला तरच हलेल. तसे प्रयोग जगात चालू आहेत. माझ्या मते कुठलाही धातू ‘हरित’ म्हणून विकताना हे दोन आकडे वेगवेगळे छापायला हवेत.

घरी करून पाहायचं असेल तर थंड पेयाचा रिकामा कॅन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. तो साधारण १३.५ ग्रॅम भरला, तर झाला जवळजवळ अर्धा मोल अ‍ॅल्युमिनिअम. चार मोलांमागे तीन मोल वायू, तर अर्ध्यामागे ०.३७५ मोल, म्हणजे १६.५ ग्रॅम. कॅन नव्या धातूचा असेल तर त्याच्याहून जड वायू तो तुमच्या हाती येण्यापूर्वीच हवेत गेलेला आहे. भंगारातला जुना कॅन वितळवून नवा केला, तर मात्र हे समीकरण पुन्हा घडतच नाही, कारण त्यातला ऑक्सिजन आधीच काढून झालेला असतो. ऊर्जेचा खर्चही सुमारे ९५ टक्क्यांनी वाचतो.