कापूस, दारूगोळा आणि एप्रिलचा एक आठवडा

१४ एप्रिलच्या दिनविशेषात पहिला मान बाबासाहेबांच्या जयंतीचा, आणि तो रास्तच. खाली बारीक टायपात ‘अग्निशमन सेवा दिन’ असंही छापलेलं असतं. ती ओळ आली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतून.

१९४४चं युद्धाचं साल. ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज इंग्लंडहून निघालं तेव्हा त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, शिवाय सोन्याच्या विटा. कराचीत त्यावर कापसाच्या हजारो गाठी चढल्या. दारूगोळ्याच्या शेजारी कापूस! युद्धात जागेची चणचण असते, हे मान्य करूनही हा शहाणपणा पचत नाही. जहाज मुंबईच्या गोदीत लागलं, आणि १४ तारखेला दुपारी धूर दिसला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतलं, पण आग नेमकी कुठे धुमसते आहे ते सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादरा पार शिमल्याच्या भूकंपमापकाने टिपला. आसपासची गोदामं, वस्त्या जळाल्या. शेकडो माणसं मेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. सेन्सॉरमुळे पेपरांना मात्र कित्येक दिवस तोंड उघडता आलं नाही.

१९१२ साली याच तारखेच्या रात्री ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळलं. माणसं २,२०० हून जास्त, होड्यांत जागा १,१७८. आणि गंमत म्हणजे हे तेव्हाच्या नियमात बसत होतं.

दोनच दिवसांनी, १६ एप्रिलला, रेल्वेचा वाढदिवस. १८५३ साली दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याला १४ डब्यांची गाडी सुटली, २१ तोफांच्या सलामीत. पाहुणे ४००, इंजिनं तीन : साहिब, सिंध, सुलतान. नाना शंकरशेटांच्या धडपडीचं आपल्याला कौतुक आहे, असायलाच हवं. पण मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना या रुळांत रस होता तो वेगळ्याच कारणासाठी : आतल्या मुलखातला कापूस स्वस्तात बंदरावर यावा म्हणून. ठाणे तर फक्त पहिला टप्पा होता.

१९४४च्या स्फोटात एक सोन्याची वीट जवळजवळ मैलभर उडून एका घराचं छप्पर फोडून आत पडली होती. बाकीच्या गोदीच्या गाळात गेल्या. पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना एखादी हाताला लागायची.