मुद्दल शाबूत राहावे म्हणून

सांगली-साताऱ्याच्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या गादी सांभाळणाऱ्या काही घरांतील मुले-मुली आज दंतवैद्य झाली आहेत. सांगली, कवलापूर आणि कराड येथे दंत महाविद्यालये असल्याने हे शिक्षण घराजवळच मिळते. दवाखाना थाटताना जागेचे भाडे, खुर्ची, क्ष-किरण यंत्र यांचा हिशोब काटेकोरपणे मांडला जातो. त्यात एक बाब बहुधा राहून जाते, ती म्हणजे डॉक्टरची मान, खांदे आणि कंबर.

दंतवैद्याला अरुंद मुखात अंधाऱ्या कोपऱ्यापर्यंत पाहावे लागते. त्यासाठी मान वाकते, धड वळते, हात अधांतरी राहतात. मस्तकाचे वजन सुमारे ५ किलो. ते पुढे झुकले की मानेच्या स्नायूंवरील भार कितीतरी वाढतो. एकाच स्थितीत ताणलेल्या स्नायूंचा रक्तपुरवठा मंदावतो आणि थकवा साचत जातो. दातांवरील किटण काढताना बारीक हत्यार घट्ट धरल्याने अंगठा व मनगटही दुखावतात. अवघडलेल्या आसनातून कारागिरांना व्याधी जडतात, हे इटलीचे वैद्य रामाझिनी यांनी १७०० सालीच ग्रंथबद्ध केले होते.

नोकरदाराला आजारपणाची रजा मिळते. स्वतःच्या दवाखान्यात हात थांबला की मिळकत थांबते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून दुखणे लपविले जाते आणि गोळीवर दिवस ढकलला जातो. व्यापाराच्या भाषेत ही मुद्दलातून केलेली उचलच होय.

उपाय अवघड नाहीत. रुग्णाचे तोंड डॉक्टरच्या कोपराच्या पातळीवर येईल अशी खुर्ची झुकवावी. वरचे दात वाकून न पाहता आरशातून पाहावेत. भिंगाचा चष्मा मान सरळ राहील अशा कोनात बसवून घ्यावा. पाऊले जमिनीवर टेकलेली असावीत. सामायिकाची ४८ मिनिटे ज्या घरात परिचित आहेत, तेथे तेवढ्या काळानंतर एकदा उठण्याचा नियम सहज रुजेल. उठल्यावर कायोत्सर्गाप्रमाणे ताठ पण शिथिल उभे राहून खांदे सैल सोडावेत. बोटांना मुंग्या येत असतील किंवा हात बधिर होत असेल, तर तज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये.

घरच्यांचाही यात वाटा आहे. रात्री उशिराच्या रुग्णांसाठी आग्रह धरू नये आणि दवाखान्याच्या जमाखर्चात मदतनिसाचा पगार वायफळ खर्च म्हणून लिहू नये.