रद्दीचा कागद, पण कोणत्या रद्दीचा?

घरी रद्दीपासून कागद केला की झाडे वाचतात, हे अर्धसत्य आहे. वर्तमानपत्रे रद्दीवाल्यामार्फत गिरणीत जातातच. शिवाय त्यांचा तंतू आखूड आणि लिग्निनयुक्त, त्यामुळे कागद ठिसूळ होतो, उन्हात पिवळा पडतो. पुण्याच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांना मान असतो, तो लांब तंतूंमुळेच. घरी घ्यावेत ते जुन्या वह्यांचे, पाकिटांचे पांढरे कागद. रात्रभर भिजवून, भरपूर पाणी घालून मिक्सरमधून थोडा वेळच फिरवावेत. जास्त फिरवले तर तंतू तुटतात. लगदा पातळ ताकासारखा हवा. जाळीची चौकट त्यात बुडवून आडवी उचलली की पाणी गळते, तंतू एकमेकांत गुंततात आणि वाळताना सेल्युलोजमधले हायड्रोजन बंध त्यांना धरून ठेवतात. म्हणून डिंक लागत नाही. शाई फुटू नये यासाठी खळ मात्र हवी.

यात पाणी, वीज खर्च होते, हा आक्षेप रास्त आहे. पाणी गाळून पुन्हा वापरता येते, विजेला तसा उपाय नाही (हाताने कुटण्याची तयारी असेल तर गोष्ट वेगळी). रोजच्या लिखाणाला हा कागद परवडणार नाही. विकतच्या शुभेच्छापत्राऐवजी केला, तर हिशेब जुळतो.