जुना डोझर तेल का गाळतो?

नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या इचोड्यात वडिलोपार्जित बुलडोझर पुन्हा चालू करायचा, तर आधी ऑइल सील बघा. उन्हाने, वयाने रबर कडक होतं आणि सीलची कड हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्याला घट्ट बसत नाही. पण नुसतं सील बदलून भागत नाही. दांड्यावरच्या क्रोमला गंजून खड्डे पडले असतील, तर नवं सीलही लवकरच फाटतं. घाईत नेमकं हेच बघायचं राहतं! वाळलेली काळी माती तर कानशीसारखी घासते. तेल दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलंय समजा.

खोलण्याआधी पातं जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून दाब सोडा. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचं तेल कातडीत घुसलं, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक इस्पितळ गाठा.