रायगडाचा रज्जुमार्ग

सह्याद्रीच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर उंचीवर, रायगड उभा आहे. इ. स. 1674 मध्ये शिवछत्रपतींचा राज्याभिषेक याच गडावर झाला. गडाचे कडे असे तुटलेले की, वर जावयाचे तर चौदाशेहून अधिक पायऱ्या चढण्यावाचून गत्यंतर नसे. वृद्धांना व अपंगांना डोलीचा आधार घ्यावा लागे. आणि डोली म्हणजे एकाचा भार दुसऱ्यांच्या खांद्यावर!

इ. स. 1996 मध्ये ही स्थिती पालटली. हिरकणीवाडीपासून गडापर्यंत रज्जुमार्ग, म्हणजेच रोपवे, सुरू झाला. तान्ह्या बाळाच्या ओढीने रात्री कडा उतरून गेलेल्या हिरकणी गवळणीची आख्यायिका तुम्हांस ठाऊक असेलच. तिच्याच नावाच्या वाडीतून निघालेला पाळणा आज चार-पाच मिनिटांत सुमारे 400 मीटर उंची चढून जातो.

हे कसे घडते? विहिरीच्या कप्पीवरून दोर सोडून त्याच्या दोन्ही टोकांना घागरी बांधल्या, तर एक खाली जाताना दुसरी वर येते. रज्जुमार्गाची रचनाही अशीच आहे. एका बाजूचा पाळणा उतरतो, तेव्हा दुसऱ्या बाजूचा चढतो. पाळण्यांची वजने परस्परांना तोलून धरतात. त्यामुळे यंत्राला मुख्यतः प्रवाशांच्या वजनातील फरक व घर्षण यांवरच मात करावी लागते.

पाळण्यांचा दोर पोलादाच्या अनेक बारीक तारा पिळून केलेला असतो. एकच जाड कांब चाकावरून वाकली नसती, आणि तुटली असती तर सारेच संपले असते. पिळाच्या दोरातील एखादी तार तुटली, तरी उरलेल्या तारा भार पेलतात. मात्र ती तुटलेली तार वेळीच सापडली पाहिजे. दोराच्या आत दडलेला असा दोष आता चुंबकीय उपकरणांनी शोधता येतो.

ही दक्षता किती मोलाची आहे, हे एप्रिल 2022 मध्ये झारखंडातील त्रिकूट पर्वतावर दिसून आले. तेथे रज्जुमार्गाला अपघात होऊन अनेक प्रवासी रात्रभर अधांतरी अडकले. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी बहुतेकांची सुटका केली; तरी काहींना प्राण गमवावे लागले.

म्हणून मुलांनो, जोराचा वारा सुटला किंवा तपासणी चालू असली म्हणजे पाळणे थांबवितात, तेव्हा खोळंबलेल्या प्रवाशाने कुरकुर करू नये. ते थांबणेही रज्जुमार्गाच्या कामाचाच भाग आहे.